म्हादईचे माहेर

आमच्या आजीचे माहेर घाटाखाली, गोव्यातल्या सत्तरीत. सासर घाटावर, खानापूर तालुक्यात. म्हादई नदीचे नेमके उलटे. आजी म्हणे, "तिला काय, ती उतरून जाते. चढ आहे तो आमच्या वाट्याला."

खानापूरच्या पश्चिमेला सह्याद्रीचा माथा आहे. समुद्रावरून आलेले ढग इथे अडतात आणि शंभर इंचांहून अधिक पाऊस पाडतात. सड्यांवरचा जांभा ते पाणी पोटात घेतो आणि झऱ्यांवाटे सावकाश सोडतो. त्यामुळे पाऊस सरल्यावरही रानातले ओढे वाहते राहतात. याच माथ्यावर दोन नद्या एकमेकींकडे पाठ फिरवतात. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाते आणि सुमारे ३०४ कि.मी. वाहून कूडलसंगमाला कृष्णेस मिळते. देगावजवळ उगवणारी म्हादई पश्चिमेची वाट धरते. एक सर बंगालच्या उपसागराला, दुसरी अरबी समुद्राला!

उगमाकडचे रान २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे १९० चौ.कि.मी. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचे वटवाघूळ राहते. १९१३ मध्ये शास्त्राला त्याची ओळख झाली ती याच गुहेतून. घाट उतरल्यावर गोव्याचे म्हादई अभयारण्य लागते. ते १९९९ चे, सुमारे २०८ चौ.कि.मी.चे. रान सलग आहे, पाट्या तेवढ्या दोन.

या रानाने माणसांनाही आसरा दिला. सत्तरीच्या दीपाजी राण्यांनी १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीजांविरुद्ध बंड उभारले, ते याच खोऱ्यात. पुढे गांजे गावापर्यंत समुद्राची भरती चढते. सासरी गेलेल्या मुलीचे नाव बदलावे तसे खाली नदीचे नावही बदलते, ती मांडवी होते आणि जुन्या गोव्यावरून पणजीला जाते.

१९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि आजीचे माहेर तुटले. १९५६ मध्ये आमचा तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. नदी मात्र दोन्ही वर्षी तशीच उतरत राहिली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर आजी खाली गेली. नदीकाठी तिने ओंजळभर पाणी प्यायले आणि म्हणाली, "घरचे पाणी." कुठल्या घरचे, हे तिला कोणी विचारले नाही.

आता ते विचारले जाते. या खोऱ्याचे सुमारे २,०३२ चौ.कि.मी. क्षेत्र तीन राज्यांत विभागले आहे: गोव्यात १,५८०, कर्नाटकात ३७५, महाराष्ट्रात ७७. कळसा आणि भांडुरा नाल्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवण्यावरून तंटा पेटला. २०१० मध्ये नेमलेल्या लवादाने २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवण्यासाठी आहे. तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

पूर्वेकडच्या कोरड्या गावांची तहान खरी आहे, हे आम्ही सीमाभागातल्यांनी नाकारू नये. घाटाखालची भीतीही खरी आहे. गोडे पाणी कमी झाले, की भरतीचे खारे पाणी वर सरकणारच. पण दोघांचेही पाणी जिथे जन्मते ते जांभ्याचे सडे आणि ते रान कुठल्याच वाटणीत मोजलेले नाही. माहेर उजाड झाले, तर दोन्ही सासरे कोरडी पडतील.