फातिमा बीवी आणि न्यायासनावरचा काळा झगा

२६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला आणि त्याबरोबर सर्वोच्च न्यायालय अस्तित्वात आले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला केरळमधल्या पत्तनंतिट्टा गावच्या एका तेवीस वर्षांच्या मुलीने वकिलीची सनद घेतली. बार कौन्सिलच्या परीक्षेत सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली महिला होती. नाव फातिमा बीवी. हे न्यायालय आणि ही मुलगी यांची गाठ पडायला मात्र पुढची ३९ वर्षे जावी लागली.

न्यायाधीश आणि वकील घालतात तो काळा झगा आपल्याकडे इंग्रजी न्यायव्यवस्थेबरोबर आला. त्यामागची कल्पना चांगली आहे. झगा चढवला की माणसाची जात, धर्म, घराणे, श्रीमंती सारे झाकले जावे. समोर उभ्या असलेल्या पक्षकाराला आसनावर व्यक्ती नव्हे, कायदा दिसावा. पण सगळ्यांना सारखे करणारा हा झगा सर्वोच्च न्यायालयात ३९ वर्षे फक्त पुरुषांच्याच खांद्यावर होता. इतर देशांतही फार वेगळे नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पहिली महिला न्यायाधीश आली ती १९८१ मध्ये. तिथल्या झग्याचा गळा पुरुषाच्या सदऱ्याची कॉलर आणि टाय दिसावा अशा बेताने कापलेला असे. म्हणून रूथ बेडर गिन्सबर्ग त्यावर लेसची कॉलर घालू लागल्या. कपडा कोणाला डोळ्यांपुढे ठेवून शिवला गेला, हे त्याच्या गळ्यावरूनच कळत होते.

फातिमा बीवींची वाट सुरू होते त्यांच्या वडिलांपासून. मुलीने रसायनशास्त्रात पदवी घेतली होती आणि तिचा ओढा विज्ञानाकडेच होता. पण मीरा साहिब यांच्या मनात ॲना चांडी यांचे उदाहरण घर करून होते. चांडी १९३७ मध्ये त्रावणकोर संस्थानात मुन्सफ झाल्या आणि १९५९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश. खुद्द इंग्लंडमध्ये उच्च न्यायालयाला पहिली महिला न्यायाधीश मिळाली ती त्यानंतर, १९६५ मध्ये. एका ख्रिस्ती महिलेला न्यायासनावर पाहून एका मुस्लिम बापाने आपल्या लेकीला त्रिवेंद्रमच्या विधी महाविद्यालयात धाडले. नुसत्या उदाहरणाने काय होते, असे म्हणणाऱ्यांसाठी हा दाखला पुरेसा आहे.

पुढचा प्रवास एकेका पायरीचा आहे. १९५८ मध्ये मुन्सफ, १९६८ मध्ये सबॉर्डिनेट जज, १९७२ मध्ये मुख्य न्यायदंडाधिकारी, १९७४ मध्ये जिल्हा व सत्र न्यायाधीश, १९८० मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या सदस्य, १९८३ मध्ये उच्च न्यायालय. एप्रिल १९८९ मध्ये त्या तिथून निवृत्त झाल्या आणि ६ ऑक्टोबर १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. छायाचित्रांत त्यांच्या डोक्यावर साडीचा पदर दिसतो. त्या पदराने त्यांची वाट अडवली नाही.

एवढ्या उशिरा तिथे पोहोचण्याची किंमतही त्यांनी मोजली. त्या ६२ वर्षांच्या होत्या आणि निवृत्तीचे वय ६५. त्यामुळे २९ एप्रिल १९९२ पर्यंत जेमतेम अडीच वर्षे त्यांच्या वाट्याला आली. 'पहिली महिला' म्हणून हारतुरे घालताना हा हिशेब आपण विसरतो.

त्यांचे सारेच निर्णय निर्विवाद होते, असेही नाही. १९९७ मध्ये त्या तमिळनाडूच्या राज्यपाल झाल्या. २००१ मध्ये, दोषी ठरल्यामुळे निवडणूक लढवू न शकलेल्या जयललितांना त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. त्यावरून वाद पेटला. पुढे करुणानिधींच्या अटकेनंतर केंद्राने त्यांना परत बोलावण्याचा निर्णय घेतला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नियुक्तीच अवैध ठरवली. ज्या न्यायालयात त्या बसल्या होत्या, त्याच न्यायालयाने त्यांचा निर्णय तपासला. कायद्याच्या राज्यात हे असेच व्हायला हवे. आदर करायचा म्हणून हे पान फाडायची गरज नाही.

२३ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. २०२४ मध्ये मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले. त्यांच्यानंतर मुंबईच्या सुजाता मनोहर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आल्या. २०२१ पर्यंत तिथे पोहोचलेल्या महिला न्यायाधीशांची एकूण संख्या होती अकरा. त्या अकरांत मुस्लिम महिला एकच, पहिली. दार उघडले गेले, पण त्यातून आपल्या समाजातली दुसरी लेक आत गेली नाही.

याला व्यवस्था जबाबदार आहेच. पण थोडा विचार आपल्या घरातही करावा लागेल. निकाल लागला की गुणवंत मुलींचे सत्कार होतात, फोटो छापून येतात. त्यानंतर त्यातल्या किती जणींसमोर न्यायाधीश होण्याची वाट ठेवली जाते? फातिमा बीवी जिथून सुरू झाल्या ती मुन्सफाची पायरी महाराष्ट्रात आजही आहे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदासाठी लोकसेवा आयोग परीक्षा घेत आला आहे. पात्रतेच्या अटी पूर्ण करणाऱ्या विधी पदवीधर मुलीला ती देता येते. त्यासाठी वशिला लागत नाही, अभ्यास लागतो; आणि लेकीच्या लग्नाची घाई न करणारा, मीरा साहिबांसारखा एखादा बाप.