टाउन हॉलमध्ये तित्तिर नाहीत

28 जून 1859, मंगळवार. तुम्ही न्यूकासलच्या टाउन हॉलमध्ये शिरता. बाहेर टाइन नदीकाठी कोळशाचा धूर, आत कुत्र्यांचा उग्र वास आणि भुंकण्याचा गलका. कुत्री साठेक आहेत, जाती मात्र दोनच: पॉइंटर आणि सेटर. मांडीवर बसणारं लाडोबा कुत्रं इथे शोधू नका. ही सगळी तित्तिरांच्या शोधात शिकाऱ्याच्या पुढे शेतं हुंगत धावणारी. बक्षीसही त्याच थाटाचं, गावातल्याच पेप या बंदूक-कारागिराची दुनळी.

कुणी नियमांचं पुस्तक मागू नये. असे नियम ठरवणारा केनेल क्लब स्थापन व्हायला अजून 14 वर्षं आहेत. कुत्र्यांच्या प्रदर्शनांचा इतिहास पुढे या दिवसापासून मोजतील, पण आज मापदंड परीक्षकांच्या डोक्यात आणि बोटांत आहे.

त्यांतल्या जे. एच. वॉल्श यांच्या मागे राहा. पेशाने शल्यविशारद, आता ‘द फील्ड’ या नियतकालिकाचे संपादक, बंदूक फुटून डाव्या हाताचा काही भाग गेलेला. ते एका पॉइंटरच्या फऱ्यावरून हात फिरवतात. खांदा तिरका हवा, म्हणजे पुढचा पाय लांब पडतो. छाती खोल हवी, कारण दिवसभर धावायचं तर दम टिकायला हवा. मग पंजा उचलून बोटं दाबून पाहायची: घट्ट आहेत की फाकलेली? कापणीनंतरच्या धसकटांत फाकलेला पंजा दुपारपर्यंत रक्ताळतो. मागच्या मांड्या, घोटे. तुम्हाला देखणं कुत्रं दिसत असतं. वॉल्श त्याच्यात सप्टेंबरचं शेत पाहत असतात.

मग नाक. नाकपुड्या रुंद आहेत, इतकं कळतं. वास किती लांबून लागतो, हे कसं कळणार? या हॉलमध्ये तित्तिर नाहीत. पुढे वॉल्श पॉइंटरसाठी शंभर गुणांचा तक्ता छापतील: खांदे-छातीला 15, मागच्या भागाला 15, पंजांना 8, रंगालाही 5. नाकाला 10, तेही नुसतं पाहून.

तेवढ्यात निकाल. पॉइंटरांत पहिला येतो ब्रेल्सफर्ड यांचा कुत्रा, आणि ब्रेल्सफर्ड सेटरांचे परीक्षक आहेत. सेटरांत पहिला जॉबलिंग यांचा. जॉबलिंग पॉइंटरांचे परीक्षक. तू माझी पाठ खाजव, मी तुझी? कुत्री खरोखरच उत्तम असतीलही. तरी दुनळ्या कुणाच्या घरी चालल्या ते पाहून तुम्हाला हसू आवरत नाही.

सहा वर्षं पुढे या. 1865, बेडफर्डशरमधलं साउथहिल. इथे छत नाही, साखळ्या सुटलेल्या आहेत, आणि कुत्र्यांना खरोखरचे पक्षी हुडकायचे आहेत. शिकारी कुत्र्यांची ही पहिली मैदानी चाचणी. परीक्षकांकडे इथेही शंभर गुणच आहेत. वेग आणि शेत पिंजून काढण्याला 30. स्वभावाला आणि पक्ष्यासमोर ठाम उभं राहण्याला उरलेले थोडे थोडे. नाकाला 40. रंगाचा रकानाच नाही.