प्रमाणपत्राची पत

नोकरी सांभाळून एखादाच विषय निवडायचा, त्याचा अभ्यासक्रम ऑनलाइन पुरा करायचा आणि त्याच्या जोरावर बढती किंवा नवी नोकरी मिळवायची, ही रीत इंटरनेटने आणली असं सर्रास मानलं जातं. वसईतल्या माणिकपूरपुरतं तरी ते खरं नाही. पदवीबाहेरचं, सुटं, कामापुरतं शिक्षण हा मुंबईला रोज ये-जा करणाऱ्या या वस्तीचा जुना रिवाज आहे. बदललं ते शिकवण्याचं साधन. मात्र ते बदलताना या रिवाजातली सर्वांत मोलाची गोष्ट आपण हातची घालवत आहोत, आणि ती म्हणजे शिकवणाऱ्यापासून वेगळी असलेली परीक्षा.

१८६४ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने वसई मुंबईला जोडली. किल्ल्याजवळचं जुनं वसई गाव रुळांपासून दूर राहिलं. स्टेशन आलं ते माणिकपूर-नवघरच्या बाजूला. १६०६ साली स्थापन झालेल्या सेंट मायकल चर्चचं हे गाव केळी, पानवेली आणि भाजीपाल्याच्या मुलखातलं. १९३६ मध्ये विजेवरची गाडी विरारपर्यंत धावू लागली आणि सुमारे ५२ किलोमीटरवरचं चर्चगेट रोजच्या पल्ल्यात आलं. तिथल्या कचेऱ्यांना हवे होते जमाखर्च लिहिणारे, टायपिस्ट आणि स्टेनो. बी.ए. झालेल्यालाही ही कामं येत नसत, कारण बी.ए.ला ती शिकवलीच जात नव्हती. ती गरज खासगी संस्थांनी भागवली. मुंबईत दावर कॉलेज ऑफ कॉमर्स १९०० सालीच सुरू झालं होतं, आणि पुढे उपनगरांतल्या स्टेशनांलगत टायपिंगचे वर्ग निघाले. सकाळी एक तास मशीनवर बसायचं आणि मग गाडी पकडायची, असा तो क्रम होता. घरबसल्या शिकण्याची युक्ती तर त्याहून जुनी: इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन १८४० पासून स्वस्त टपालाच्या आधारे लघुलेखनाचे धडे पाठवत असे आणि विद्यार्थ्यांनी सोडवलेले तपासून परत करत असे.

या वर्गांचं यश कशात होतं? मास्तर सगळे सारखे नव्हते, यंत्रंही कितीतरी ठिकाणी खिळखिळी होती. तरी ‘थर्टी झालंय’, ‘फॉर्टी झालंय’ एवढं म्हटलं की कचेरीतल्या साहेबाला पुढचं काही विचारावं लागत नसे. कारण वर्ग फक्त शिकवत असे, परीक्षा सरकारची असे. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र मिनिटाला किती शब्द एवढंच सांगे, पण ते निःसंदिग्ध सांगे. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी जाहिरातीत आजही मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची अट असते. उच्च श्रेणीच्या लघुलेखकाला १२० शब्दांचा वेग लागतो. पोरगं कोणत्या गल्लीतल्या वर्गात शिकलं याला त्यामुळे महत्त्व उरलं नाही. ज्याच्यामागे मोठ्या कॉलेजचं नाव नाही, त्याच्यासाठी यापेक्षा न्याय्य व्यवस्था मला दिसत नाही.

पुढच्या काळात साधनं वाढत गेली. १९७१ मध्ये वसई रोडला विद्यावर्धिनीचं अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय निघालं आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि त्याचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम गल्लोगल्ली पोचला. त्यातही जुनीच विभागणी टिकली होती: शिकवणारं केंद्र खासगी, पण प्रमाणपत्र तंत्रशिक्षण मंडळाचं.

ही विभागणी मोडली ती २०१२ नंतर, कोर्सेरा आणि एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळांच्या लाटेत. आता जो शिकवतो तोच तपासतो, तोच प्रमाणपत्र छापतो, आणि शुल्कही त्याच्याच खिशात जातं. एडएक्सवरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली: २०१७-१८ मध्ये सहभागी झालेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी अभ्यासक्रम पुरा केला, पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेला गेलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होतं. पैसे भरणारे मुळातच अधिक जिद्दीचे असतील, हे मान्य. पण शेवटी काही पदरात पडणार असेल तर माणूस टिकून राहतो, हे टायपिंगच्या वर्गांनी कधीच दाखवून दिलं होतं.

यावर कोणी म्हणेल, टायपिंगचा वेग घड्याळ लावून मोजता येतो, विदा-विश्लेषण किंवा प्रकल्प-व्यवस्थापन कसं मोजणार? पण १९२० मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सची एएमआयई परीक्षा पाहा. कारखान्यात राबून रात्री अभ्यास करणारे ड्राफ्ट्समन आणि सुपरवायझर त्या परीक्षेला बसत, आणि सरकारने ती दीर्घकाळ अभियांत्रिकी पदवीच्या तोडीची मानली. अवघड विषयाची स्वतंत्र परीक्षा महाग पडते, तिला मेहनत लागते. पण ती घेता येते. सरकारी परीक्षेतही घोटाळे होतात, हा आक्षेप अधिक बोचरा आहे. टायपिंगची परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्याच शिक्षक पात्रता परीक्षेतला गैरव्यवहार २०२१ मध्ये उघड झाला. तरीही तो उघड होऊ शकला, त्याची चौकशी झाली, अटका झाल्या. खासगी संकेतस्थळाने कोणालाही उत्तीर्ण केलं तर त्यात गैर काय, हेच ठरवायला कोणी नाही. आणि जुनी व्यवस्था माणसाला कारकुनीत अडकवत होती, असं म्हणणाऱ्यांचं मला अर्धं पटतं. ती पायरी ठेंगणी होतीच, पण निसटती नव्हती.

ऑनलाइन शिक्षणाला माझा विरोध नाही. लेकरू सांभाळणाऱ्या बाईला किंवा रात्री उशिरा विरार लोकलमधून उतरणाऱ्याला ते खरा आधार देतं. शिवाय चांगला नमुना आपल्याच देशात आहे. आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं एनपीटीईएल शिकवतं फुकट, पण प्रमाणपत्रासाठी वेगळं शुल्क घेऊन ठरल्या केंद्रावर देखरेखीखाली परीक्षा घेतं, आणि गुणांचा मोठा वाटा त्या परीक्षेचा असतो. टायपिंगच्या वर्गाचाच हा वारसा आहे. वसई-विरार महापालिकेने आपल्या वाचनालयांतून अशा परीक्षांची केंद्रं उघडावीत, आणि राज्य परीक्षा परिषदेने नव्या कौशल्यांच्या परीक्षा स्वतः घ्याव्यात. तोवर माणिकपूरच्या वाचकाने कोणत्याही अभ्यासक्रमाचं शुल्क भरण्याआधी एवढं जरूर विचारावं: परीक्षा कोण घेणार, कुठे घेणार, आणि उत्तरं कोण तपासणार?