दिनविशेष : २८ ऑक्टोबर
२०२३ : चीनमधील हांगझोऊ येथे चौथ्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याचा तरुण धावपटू दिलीप गावित याने ४०० मीटर (टी-४७) शर्यत ४९.४८ सेकंदांत जिंकली. झाडावरून पडल्याने त्याने बालपणीच हात गमावला होता. त्याचे हे सुवर्ण भारताचे स्पर्धेतील शंभरावे पदक ठरले. भारताने एकूण १११ पदके पटकावली. ही स्पर्धा भरवणारी आशियाई पॅरालिम्पिक समिती २००९ पासून युवा खेळाडूंसाठी स्वतंत्र आशियाई स्पर्धाही घेते. पहिली टोकियोत झाली. अशा स्पर्धांपर्यंत पोहोचायचे तर वैनगंगेकाठच्या कारधासारख्या गावांतील दिव्यांग मुलांनाही शालेय वयातच मैदान आणि प्रशिक्षक मिळायला हवेत.