बार्शी लाइट आणि बसता येणारा डबा

चकलांब्यासारख्या गावात मुलांची पहिली गाडी म्हणजे फळीखाली जुनी बेअरिंगे ठोकून केलेली. उतारावर ती झकास पळते. पण वाटेत खडा आला की एक चाक उचलले जाते आणि बसणारा कलंडतो. धातूच्या सुट्या भागांचा संच आणून, मुलांना बसता येईल असा रुळांवरचा छोटा डबा शाळेत जोडायचा म्हटले, तर पहिली अडचण हीच येणार. अरुंद रुळांवर जास्त वजन सुरक्षितपणे कसे न्यायचे, हा तो प्रश्न. आमच्या मते त्याचे सर्वांत चांगले उत्तर आपल्या शेजारीच, बार्शीला सापडते.

बार्शी हे व्यापाराचे गाव, पण मोठी रेल्वे त्याला टाळून सुमारे 35 किलोमीटरवरच्या कुर्डुवाडीवरून गेली होती. हे अंतर जोडणारी बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली. तिच्या रुळांमधील अंतर होते अवघे 762 मिलिमीटर. मोठ्या रेल्वेचे 1676. तिचा अभियंता एव्हरार्ड काल्थ्रोप याने हलके, मीटरला सुमारे 15 किलो वजनाचे रूळ निवडले आणि एक नियम घातला: कोणत्याही आसावर 5 टनांहून जास्त भार नको, मग ते इंजिन असो की वाघीण. नियम साधा दिसतो, पण सारी रचना त्यातून ठरली. इंजिनाचे वजन सहा आसांवर वाटले गेले. प्रत्येक वाघिणीखाली दोन बोग्या आल्या. (आपण डब्यालाच बोगी म्हणतो, खरे तर डब्याखालची, मधल्या खिळीवर फिरणारी चाकांची गाडी म्हणजे बोगी.) चार आस, प्रत्येकी 5 टन, म्हणजे मालासकट वाघीण 20 टनांची. यातले वाघिणीचे स्वतःचे वजन जेवढे कमी, तेवढा माल जास्त. म्हणून काल्थ्रोपने चौकटी पोलादी पत्रा दाबून, कडा वळवून केलेल्या घेतल्या. भारतात पाठवण्यापूर्वी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून त्याने हे सारे चालवून दाखवले.

कडा का वळवायच्या, हे वर्गात एका पोस्टकार्डाने दाखवता येते. दोन पुस्तकांवर आडवे ठेवलेले कार्ड पट्टीच्या वजनाने वाकते. त्याच्या दोन्ही लांब कडा दुमडून पन्हळ करा. तीच पट्टी ते सहज पेलते.

माणूस बसेल एवढ्या छोट्या रेल्वेचा ध्यास इंग्लंडमध्ये सर आर्थर हेवूडने त्याआधीच घेतला होता. 9 इंच रुंदीची रेल्वे माणसांना पुरेशी स्थिर नाही असा अनुभव आल्यावर, 1874 पासून त्याने डफिल्ड येथे 15 इंचांची बांधली. आजचे हौशी लोक 7¼ इंच, म्हणजे 184 मिलिमीटर रुंदीवरही बसतात, पण घोड्यासारखे दोन्ही बाजूंना पाय सोडून आणि शक्य तितके खाली. गुरुत्वमध्य वर गेला की डबा कलंडणार.

आता हिशेब करू. डबा 40 किलोचा, वर 30 किलोची चार मुले, एकूण 160. चार आसांवर भार सारखा पडला तर प्रत्येक चाकावर 20 किलो येतात. चौकट ताठ आणि रूळ वेडावाकडा असेल, तर एखादे चाक अधांतरी राहते व त्याचा भार दुसऱ्यांवर पडतो. बोगीला थोडे डुलू देणारी खिळ आणि स्प्रिंग यांचे काम इथे असते.

बार्शी लाइट पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेला पोचली. एक दुखणे मात्र शेवटपर्यंत राहिले: रुंदी वेगळी असल्याने कुर्डुवाडीला पोती एका गाडीतून दुसरीत हलवावी लागत. 1954 मध्ये ती सरकारकडे आली आणि 2010 पर्यंत तिचे सगळे रूळ रुंद झाले. बीड शहराला अहिल्यानगरहून रेल्वे यायला 2025 साल उजाडले.

संच जोडताना नट आधी सैल ठेवावेत. चौकट सपाट फरशीवर ठेवून प्रत्येक चाकाखाली कागद सरकवून पाहावा. एखाद्या चाकाखालून कागद सहज निघाला, तर चौकट पुन्हा काटकोनात आणावी आणि मगच नट आवळावेत.