कल्पनेचं औषध आणि त्याची मात्रा

मंडळी, एक गंमत करून बघा. डोळे मिटा आणि एक कच्ची कैरी मनात आणा. हिरवीगार, देठाशी चीक सुकलेली. सुरीने तिची फोड कापली, वर तिखटमीठ भुरभुरलं आणि... सुटलं ना तोंडाला पाणी? कैरी कुठेच नाही, पण तोंडातलं पाणी खरं आहे! मनातलं चित्र शरीरापर्यंत पोचतं याला याहून सोपा पुरावा मला तरी ठाऊक नाही.

याच गुणाचा औषधासारखा वापर करायचा, त्याला गाइडेड इमेजरी म्हणतात. कुणीतरी शांत आवाजात सांगतं, आपण डोळे मिटून तसतसं मनात आणतो. दुखणं, भीती, झोप न येणं, वाईट सवय सोडणं, सगळ्यासाठी हल्ली याच्या ध्वनिफिती मिळतात. नाव अलीकडचं असलं, तरी यामागचा वाद सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे.

१७८४ साल. पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या वैद्याने धुमाकूळ घातला होता. शरीरात एक अदृश्य चुंबकी प्रवाह असतो आणि तो वळवून मी रोग बरे करतो, असा त्याचा दावा. सोळाव्या लुई राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होता आणि त्या वेळी अमेरिकेचा वकील म्हणून तिथे असलेला, ७८ वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिनही. फ्रँकलिनच्या पासी इथल्या घराच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने एक झाड 'भारून' ठेवलं. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडापाशी नेलं. चौथ्या झाडाशी पोरगं बेशुद्ध पडलं. पण भारलेलं झाड ते नव्हतंच!

समितीने निकाल दिला की चुंबकी प्रवाह वगैरे काही नाही, ही सगळी कल्पनेची करामत. निकाल अगदी बरोबर होता. पण एक प्रश्न तसाच राहून गेला. नुसत्या कल्पनेने धडधाकट पोरगं कोसळत असेल, तर त्याच कल्पनेने कुणाला उभं करता येईल का?

हा प्रश्न पुढे एमिल कुए (१८५७-१९२६) या फ्रेंच औषधविक्याने हाती घेतला. औषध देताना चार शब्द कौतुकाचे बोललं तर गुण जास्त येतो, हे त्याने दुकानाच्या गल्ल्यावरच टिपलं होतं. तो म्हणे, जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून कुणीही चालेल, पण तीच फळी दोन मनोऱ्यांच्या मध्ये टाकली तर पाय लटपटतील. फळी तीच, पाय तेच, मनात पडण्याचं चित्र तेवढं नवं. इच्छा आणि कल्पना यांची झुंज लागली की कल्पनाच जिंकते, हा त्याचा सिद्धांत. आपण रोज सुधारत आहोत, अशा अर्थाचं एक वाक्य तो रोग्यांना वीस वेळा पुटपुटायला लावी आणि मोजायला वीस गाठींची दोरी देई. आपल्या आज्यांची जपमाळच की!

पुढे जर्मनीत १९५० च्या दशकात हान्सकार्ल लॉयनर या मनोविकारतज्ज्ञाने या गोष्टीला शिस्त लावली. कुरण, ओढा, डोंगर, घर, रानाची कड अशी ठरावीक ठिकाणं तो सुचवी, आणि मग 'तिथे तुम्हाला काय दिसतं?' असं विचारी. चित्र रोग्याचं, वैद्य फक्त सोबतीला. मला ही पद्धत चांगल्या मास्तरासारखी वाटते.

आपल्याकडे देवासमोर काहीही न ठेवता मानसपूजा करण्याची रीत जुनीच. मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी योगनिद्रेची जी पद्धत बसवली, तिच्यातही चित्रं भराभर मनात आणण्याचा एक टप्पा असतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली शवासनाचा रक्तदाबावर होणारा परिणाम तपासून प्रसिद्ध केला. त्यात चित्रं नव्हती, पण आडवं पडून मन शांत करणं ही तपासण्याजोगी गोष्ट आहे, हे त्यांनी मानलं.

आता गोष्ट अवघड वळणावर येते. १९७१ साली अमेरिकेत कार्ल सायमंटन या किरणोपचारतज्ज्ञाने घशाच्या कर्करोगाच्या एका रोग्याला, किरणोपचार चालू असतानाच, पांढऱ्या पेशी रोगाचा फडशा पाडत आहेत असं दिवसातून तीनदा मनात आणायला सांगितलं. रोगी सुधारला. १९७८ मध्ये पुस्तक आलं, जगभर गेलं. अशा रोग्यांचं आयुष्य वाढतं असं सायमंटन सांगू लागले, पण ते सिद्ध करायला लागते तशी काटेकोर तुलना त्यात नव्हती.

या गोष्टीची झळ आमच्या घराला लागली म्हणून हे लिहायला बसले. आमच्या नात्यातल्या एकीला कर्करोग झाला, तेव्हा एका शिबिरात तिला पांढरे सैनिक पाहायला सांगितलं. ती म्हणाली, "मला डोळे मिटले की काळोखच दिसतो हो." उत्तर मिळालं, "तुमची बरं होण्याची इच्छा कमी पडते." त्या रात्री ती रोगापेक्षा या वाक्याने जास्त रडली.

सायमंटनचं पुस्तक आलं त्याच १९७८ साली सुसान सोंटॅग या लेखिकेने, जी स्वतः कर्करोगातून गेली होती, नेमका हाच धोका दाखवला होता. रोग मनाने बरा होतो म्हटलं, की बरा न होण्याचा दोष रोग्याच्याच माथी येतो. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांच्या ८६ स्त्रियांच्या अभ्यासात गटात बसून बोलणाऱ्या, वेदनेसाठी आत्मसंमोहन शिकणाऱ्या स्त्रिया जास्त जगल्या असं दिसलं आणि आशा वाढली. पण २००१ मध्ये कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या अशाच गट-उपचारांच्या अभ्यासात आयुष्य वाढलं नाही. २००७ मध्ये स्पीगल यांनी स्वतःच पुन्हा तपासलं, तेव्हाही एकंदरीत वाढलं नाही, आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे छापलं. कॅनडाच्या अभ्यासात मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या होत्या. हेही काही थोडं नव्हे.

आणि तो काळोख? फ्रान्सिस गॉल्टनने १८८० सालीच लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल मनात आणायला सांगितलं होतं. काही चांगले शास्त्रज्ञसुद्धा म्हणाले, काहीच दिसत नाही. २०१५ साली अ‍ॅडम झेमन यांनी याला अफँटेशिया असं नाव दिलं. ही घडण आहे, इच्छेची कमतरता नव्हे.

हे तिला तेव्हा सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं. तिला चित्र दिसायचं नाही, पण आवाज आठवायचे. सलाइन लावलेलं असताना ती माहेरच्या विहिरीवरचा रहाट ऐकायची. तेवढ्यात मळमळ सुसह्य व्हायची, सुईची भीती जायची. रोग काही थांबला नाही, पण ते तास तिला सोपे गेले.

सिएटलला भाजलेल्या रोग्यांना मलमपट्टीच्या वेळी हंटर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी बर्फाच्या दरीचा आभासी खेळ दाखवला, तेव्हा त्यांच्या वेदना कमी झाल्या. जखम भरण्याचं काम औषधांचंच. कल्पनेने त्या वेळी माणसाला तिथून थोडं दूर नेलं, इतकंच.

माझ्या मते या औषधाची मात्रा एवढीच. वेदना, भीती, मळमळ, झोप यांसाठी खुशाल घ्यावं, डॉक्टरांच्या उपचारांबरोबर घ्यावं, आणि गुण आला नाही तर रोग्याला जबाबदार धरू नये. तुमच्यापैकी कुणी करून पाहिलं असेल, आणि विशेषतः डोळे मिटल्यावर ज्यांना काहीच दिसत नाही त्यांनी, मला जरूर लिहा.