कॅन्डिडा अंटार्क्टिका लायपेज बी

कॅन्डिडा अंटार्क्टिका लायपेज बी हे याच नावाच्या यीस्टपासून मिळणारे विकर (एन्झाइम) आहे. हे यीस्ट अंटार्क्टिकातील बर्फाच्छादित व्हांडा सरोवराच्या गाळात सापडले. त्यापासून ए आणि बी अशी दोन लायपेजे मिळतात. त्यांपैकी बी अधिक वापरले जाते. उगमाच्या मानाने आश्चर्य म्हणजे, ॲक्रिलिक रेझिनच्या सच्छिद्र मण्यांवर बसवलेले हे विकर ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानातही टिकते.

लायपेजे पाण्याच्या साहाय्याने मेदाचे विघटन करून मेदाम्ले मुक्त करतात. मात्र ही अभिक्रिया उलटही होते: पाणी काढून घेत राहिल्यास तेच विकर आम्ल व अल्कोहोल जोडून एस्टर तयार करते. टोल्युइनसारख्या सेंद्रिय विद्रावकातही कार्यक्षम राहत असल्याने बी लायपेज या कामी विशेष उपयोगी पडते. त्याची साखळी ३१७ अमिनो आम्लांची असून त्रिमितीय रचना १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. सक्रिय स्थानाची जागा अरुंद असल्यामुळे द्वितीयक अल्कोहोलांच्या दोन प्रतिबिंबरूपांपैकी बहुधा एकाचेच एस्टर बनते. औषधनिर्मितीत या निवडक्षमतेला मोठे महत्त्व आहे. सौंदर्यप्रसाधनांतील मिरिस्टिल मिरिस्टेटही याच विकराने बनवतात.

कोको बटरला पर्यायी मेद बनवताना मात्र ग्लिसरॉलच्या पहिल्या व तिसऱ्या स्थानांवरीलच मेदाम्ले बदलायची असतात. तेथे ऱ्हायझोम्युकर मिएहेई या बुरशीचे लायपेज अधिक योग्य ठरते.